पन्नास नॅनोमीटरची फट

रत्नागिरीत चिऱ्याच्या गडग्यावर, हापूसच्या खोडावर, कुठंही गुळवेल चढलेली दिसते. तापावर काढा करायला तिची कांडं घरोघर उकळली जातात. हिच्याच कुळातली एक दांडगी वेल ॲमेझॉनच्या जंगलात वाढते. तिची साल उकळून तिथले शिकारी बाणाच्या टोकाला लावायचं विष करत: कुरारे. या विषाचा दुसरा एक प्रकार ते ज्या वेलीपासून करत, तिचं नातं तर आपल्या कोकणातल्या काजऱ्याशी. दोन्ही स्ट्रिक्नॉस या एकाच प्रजातीतली. काजऱ्याचं बी पोटात गेलं तर अंग धनुर्वातासारखं ताठतं, झटके येतात. अमेरिकेतल्या त्याच्या भावंडाचं विष नेमकं उलट वागतं. एकेक स्नायू सैल पडत जातो, पापण्या मिटतात, मान पडते आणि शेवटी छाती हलायची थांबते. हृदय मात्र चालू असतं. शुद्धही असते.

याच विषाच्या धाटणीवर घडवलेली औषधं आज जिल्ह्याच्या ठिकाणच्या ऑपरेशन थिएटरात लहानशा कुपीतून येतात. आतड्याला पीळ पडलेल्या महिन्याभराच्या बाळालाही ती दिली जातात, कारण पोटाचे स्नायू सैल झाल्याशिवाय सर्जनला आत नीट हातच घालता येत नाही. मला याचं आश्चर्य कधी ओसरलेलं नाही. पण खरं नवल ऑपरेशन संपल्यावर सुरू होतं. ज्याला ‘मान उचल’, ‘हात दाब’ असं सांगून उपयोग नाही, त्या जिवाच्या अंगातला हा परिणाम उतरवायचा आणि त्याचा श्वास त्याच्या हवाली करायचा. भूलतज्ज्ञ याला दोन शब्दांत ‘रिव्हर्स करणं’ म्हणतात आणि पुढच्या केसकडे वळतात. त्या दोन शब्दांत किती गोष्टी दडल्या आहेत, ते पाहण्यासारखं आहे.

१८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन या प्रवाशानं दक्षिण अमेरिकेतून आणलेलं कुरारे एका गाढविणीला टोचलं. दहाएक मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्यानं हवा भरायला सुरुवात झाली. दोन तासांनी तिनं मान उचलून इकडंतिकडं पाहिलं. भाता थांबवला तशी ती पुन्हा कोसळली, म्हणून पुन्हा भाता चालवला. ती वाचली आणि पुढं पंचवीस वर्षं जगली. विष ओसरेपर्यंत कुणीतरी हवा भरत राहिलं तर मरण टळतं, हे त्या दिवशी उघड झालं. आज बाळाच्या श्वासनलिकेत बोरूपेक्षाही बारीक नळी घालून जे केलं जातं, त्याचं मूळ तिथं आहे.

विष नेमकं कुठं काम करतं, हे पॅरिसच्या क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेडकावर दाखवलं. त्यांनी बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा बांधून टाकला, पण त्या पायाकडं जाणारी चेता मोकळी ठेवली, आणि मग कुरारे टोचलं. सगळं अंग लुळं पडलं, तो एक पाय मात्र हलत राहिला. म्हणजे चेतेतून निरोप जात होता. लुळ्या स्नायूला थेट वीज लावली तर तोही आकसत होता. चेता धडधाकट, स्नायू धडधाकट आणि तरी हालचाल नाही. बिघाड दोघांच्या मध्ये होता.

मध्ये आहे एक फट. चेतेचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं, दोहोंत सुमारे पन्नास नॅनोमीटरचं अंतर असतं, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वीज हे अंतर ओलांडत नाही. चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या पुड्या तयार असतात. एकेका पुडीत हजारो रेणू. निरोप आला की अशा कितीतरी पुड्या एकदम फुटतात, रेणू पलीकडं स्नायूवर असलेल्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) जाऊन बसतात आणि स्नायू आकसतो. एक ग्राही उघडायला दोन रेणू लागतात, दोन ठरलेल्या जागांवर. आणि हे सगळं संपवायलाही तिथंच एक एन्झाइम हजर असतं, ते प्रत्येक रेणूचा एका मिलिसेकंदाच्या आत चुरा करतं. तसं केलं नसतं तर आकसलेला स्नायू सुटलाच नसता. तुम्ही हे वाक्य वाचताना तुमचे डोळे ओळीवरून सरकताहेत, त्या प्रत्येक बारीक हालचालीत हा खेळ मांडला जातो आणि मोडला जातो.

कुरारे आणि त्याची आजची भावंडं, म्हणजे व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, या खेळात काय करतात? गणपतीच्या दिवसांत मुंबई सेंट्रलला एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं. रुमाल प्रवास करत नाही, पण दुसऱ्याला बसूही देत नाही. त्यात ग्राहीला दोन्ही जागांवर खरे प्रवासी लागतात, रुमाल मात्र एकाच जागेवर पुरतो. म्हणून पारडं औषधाच्या बाजूनं झुकतं.

आता उतारा. मनात सहज येतं की उतारा म्हणजे औषध ओढून बाहेर काढणारं काहीतरी असेल. निओस्टिग्मीन तसं काहीच करत नाही, रुमालाला ते हातही लावत नाही. ते फटीतल्या त्या चुरा करणाऱ्या एन्झाइमलाच काही काळ बांधून ठेवतं. ॲसिटिलकोलीन मोडलं जात नाही, साठत जातं, फटीत त्याची गर्दी होते. औषधाचे रेणू ग्राहीवर कायमचे चिकटलेले नसतात, सुटतात आणि पुन्हा बसतात. आता जागा सुटली की ती पटकावायला ॲसिटिलकोलीन जास्त संख्येनं उभं असतं. माणसाच्या स्वतःच्याच रसायनाला फक्त थोडा जास्त वेळ टिकू द्यायचं आणि त्यानं बाणाच्या विषावर मात करायची! औषधशास्त्रात यापेक्षा देखणी युक्ती मला तरी माहीत नाही.

गंमत म्हणजे ही युक्तीही एका विषातून आली. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात आरोपीला एका वेलीच्या बिया खायला घालून न्याय करत. ओकून टाकल्या तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. १८६४ साली या बियांतून फायसोस्टिग्मीन वेगळं काढण्यात आलं. १९०० साली व्हिएन्नाच्या याकोब पाल यांना दिसलं की कुरारे दिलेली जनावरं फायसोस्टिग्मीन दिल्यावर पुन्हा श्वास घेऊ लागतात. १९३१ साली त्याच धर्तीवर निओस्टिग्मीन प्रयोगशाळेत बनवलं गेलं. आणि १९३४ साली ग्रिनिचच्या एका रुग्णालयातल्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी एक साधा, थोर विचार केला: मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात रुग्णाच्या पापण्या गळतात, मान पडते, हे अगदी कुरारेच्या विषबाधेसारखंच दिसतं, मग कुरारेचा उतारा इथं का चालू नये? त्यांनी फायसोस्टिग्मीन टोचलं आणि गळलेल्या पापण्या वर गेल्या.

म्हणजे उतारा आधी तयार होता. विष औषध म्हणून थिएटरात आलं ते त्यानंतर, २३ जानेवारी १९४२ रोजी, माँट्रियालच्या होमिओपॅथिक हॉस्पिटलमध्ये. हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या एका रुग्णाला भूल देताना कुरारे वापरलं.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ही औषधं झोप आणत नाहीत, वेदनाही थांबवत नाहीत. ती फक्त हालचाल थांबवतात, रडणंसुद्धा. नवजात बाळाला वेदना नीट जाणवतच नाही, असा समज वैद्यकात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता. अनेक बाळांची मोठमोठी ऑपरेशनं स्नायू सैल करणारं औषध आणि जोडीला जेमतेम नायट्रस ऑक्साइड, एवढ्यावर झाली. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात शिकलेले कंवलजीत सिंग आनंद पुढं ऑक्सफर्डला गेले आणि तिथं त्यांनी या बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की फेंटॅनिल हे वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरात ही वादळं खूपच कमी उठतात आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी होते. म्हणजे त्याआधीची बाळं शांत नव्हती. त्यांना रडता येत नव्हतं. आज आधी भूल, वेदनाशामक आणि मग स्नायू सैल करणारं औषध हा क्रम कुणी मोडत नाही, आणि रिव्हर्स करेपर्यंत बाळ झोपलेलंच असतं. ही शिस्त कशातून आली, ते विसरण्याजोगं नाही.

बाळ म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे, हे इथं पावलोपावली कळतं. त्याची ती पन्नास नॅनोमीटरची जागाच अजून पुरती तयार झालेली नसते. गर्भात स्नायूंवरचे ग्राही वेगळ्या घडणीचे असतात. त्यांच्या पाच घटकांपैकी एक, गॅमा, जन्माच्या आगेमागे बदलतो आणि त्याच्या जागी एप्सिलॉन येतो. चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीनचा साठा अजून तोकडा असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ही व्यवस्था पक्की होत जाते. त्यामुळं तान्ह्या बाळाचे स्नायू या औषधांना जास्त हळवे असतात. पण दुसरीकडं त्याच्या अंगात पेशींबाहेरचं पाणी वजनाच्या मानानं मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट असतं, आणि पाण्यात विरघळणारं हे औषध त्यात पसरून पातळ होतं. हळवेपणा एकीकडं ओढतो, पाणी दुसरीकडं. दोन्ही मिळून किलोमागचा डोस मोठ्यांच्या जवळ येऊन ठेपतो, वेळेचं गणित मात्र फिरतं. व्हेक्युरोनियम वर्षाच्या आतल्या बाळात मोठ्या मुलांच्या सुमारे दुप्पट वेळ रेंगाळतं, कारण ते निकामी करणारं यकृत अजून कच्चं असतं.

श्वासाची बाजूही नाजूक. बाळाच्या फासळ्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात, म्हणून सगळा भार छाती-पोटामधल्या पडद्यावर. या पडद्यात न थकता काम करणारे तंतू मोठ्या माणसात निम्म्याहून जास्त, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात सुमारे पाव, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात जेमतेम दहा टक्के असतात. त्यात बाळाला किलोमागं प्राणवायू मोठ्यांच्या दुप्पट लागतो: मिनिटाला सहा-सात मिलिलिटर. फुफ्फुसात शिल्लक साठा थोडा. श्वास अडला तर मोठ्या माणसाच्या बाबतीत हाताशी काही मिनिटं असतात, बाळाच्या बाबतीत काही सेकंदांत मॉनिटरचा आवाज बदलतो.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी की निसर्गानं या फटीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त ग्राही ठेवले आहेत. चारांतले तीन अडवले तरी स्नायूचा एकेक झटका ठीकच दिसतो. म्हणजे बाळ हात हलवतंय, छाती वरखाली होतेय, सगळं आलबेल वाटतंय, आणि प्रत्यक्षात तीन चतुर्थांश जागा अजून औषधाच्या ताब्यात आहेत. त्यातून श्वासाचा पडदा लवकर मोकळा होतो आणि घशाचे स्नायू मागून. छाती ओढतेय पण घसा मिटतोय, अशी वेळ येऊ शकते.

म्हणून मोजायचं. लिव्हरपूलच्या हसन अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली एक पद्धत सांगितली. मनगटाशी चेतेला दोन सेकंदांत विजेचे चार बारीक टिचके द्यायचे आणि अंगठा किती हलतो ते पाहायचं. औषध शिल्लक असेल तर चौथी हालचाल पहिलीहून दुबळी असते. ती पहिलीच्या नव्वद टक्क्यांवर आली की नळी काढायला हरकत नाही. आणि चारांतली एकही हालचाल दिसत नसेल तर निओस्टिग्मीन देऊन उपयोग नाही. एन्झाइम पूर्ण बांधलं गेलं की त्याची ताकद संपली, त्यापुढं कितीही दिलं तरी वाढ नाही. अशा वेळी थांबायचं, आणि थांबण्यालाही कौशल्य लागतं.

पण दोन किलोच्या बाळाचा अंगठा तो केवढा! अनुभवी भूलतज्ज्ञांची नजर बाळाच्या पायांवर असते. बाळानं आपणहून पाय उचलून गुडघे पोटाशी घेतले, तर श्वासाची ताकदही पुरेशी आली आहे असं समजतात, आणि ते मोजमापांतही उतरलेलं आहे. हात जॅक्सन-रीसच्या छोट्या रबरी पिशवीवर. लिव्हरपूलच्याच गॉर्डन जॅक्सन रीस यांनी १९५० साली मुलांसाठी सांगितलेली ही रचना भारतात जिथं म्हणून लहान मुलांना भूल दिली जाते तिथं सापडते. बाळानं स्वतः श्वास घेतला की पिशवी बोटांखाली किंचित ओढली जाते.

निओस्टिग्मीनचा डोस किलोला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. तीन किलोच्या बाळाला नेहमीच्या कुपीतलं ०.३ मिलिलिटर, म्हणजे पाच-सहा थेंब. ते एकटं कधीच द्यायचं नाही. ॲसिटिलकोलीन फक्त स्नायूंच्या फटीत नसतं, हृदयाला सावकाश चालायला सांगतं तेही तेच. बाळाचं हृदय दर ठोक्याला फारसं जास्त रक्त ढकलू शकत नाही, वेग मंदावला तर रक्तपुरवठाच घटतो. म्हणून सोबत हृदयाचा वेग टिकवणारं ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट. ॲट्रोपीनचं घराणं तर आपल्या रस्त्याकडेला पांढरी फुलं घेऊन उभं असतं: धोतरा. थिएटरातली थंडीही हिशेबात धरायची. बाळ गार पडलं तर औषध उतरायला वेळ लागतो, म्हणून बाळाच्या ऑपरेशनला खोली मोठ्यांना घाम फुटेल इतकी उबदार ठेवतात.

ॲट्राक्युरियमची गोष्ट वेगळी आणि विलक्षण. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांनी मुद्दाम असा रेणू घडवला की तो शरीराच्या नेहमीच्या तापमानाला आणि रक्ताच्या नेहमीच्या आम्लतेला आपोआप तुटतो. कच्च्या यकृतावर, कच्च्या मूत्रपिंडावर त्याची फारशी भिस्त नाही. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्येच ऑर्गॅनॉन कंपनीत अँटन बॉम रोक्युरोनियम विरघळवायला काही मिळतंय का पाहत होते. ग्लुकोजचे आठ घटक जोडून झालेल्या एका पोकळ कड्यात रोक्युरोनियम घट्ट अडकून बसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून सुगामाडेक्स आलं. हे मात्र खरंच औषधाला रक्तातल्या रक्तात कोंडून टाकतं, फटीशी त्याचा संबंधच नाही. युरोपात २००८ साली, अमेरिकेत २०१५ साली मोठ्यांसाठी आणि २०२१ साली दोन वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली. ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर चालतं, ॲट्राक्युरियमवर नाही. आणि निओस्टिग्मीनपेक्षा बरंच महाग आहे. म्हणून लहान गावांतल्या थिएटरांत अजूनही जुन्या उताऱ्यावरच भिस्त आहे, आणि नीट मोजून, वेळ साधून वापरला तर तो विश्वासाला पात्र आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाळावर ऑपरेशनची वेळ कुठंही येऊ शकते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांतून मुलं तपासतात, दुभंगलेला ओठ किंवा जन्मजात व्यंग दिसलं तर पुढं पाठवतात. मग कुणी जिल्हा रुग्णालयात, कुणी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, कुणी आंबा घाट चढून कोल्हापूरला, कुणी परळच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये. आईबापांच्या तोंडी सर्जनचं नाव असतं. माझी एवढीच इच्छा आहे की त्यांनी भूलतज्ज्ञालाही भेटावं, नाव विचारावं, बाळाचे दिवस कमी भरले होते का, सर्दी आहे का, शेवटचं दूध कधी पाजलं, हे सगळं त्याला सांगावं. शेवटची ती मिनिटं त्याच्याच हातात असतात.

आणि ही फट कोकणाला परकी नाही. हापूसच्या बागांतही फवारली गेलेली ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं त्याच एन्झाइमला बांधतात. निओस्टिग्मीन काही वेळानं सोडून देतं, ती सोडत नाहीत, म्हणून विषबाधेत ॲट्रोपीनच्या कुपीवर कुपी रिकामी होते. भातलावणीत नाग चावला तर त्याचं विष थेट त्या ग्राहींवरच जाऊन बसतं, अगदी कुरारेसारखं. पापण्या गळतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. प्रतिविषाच्या जोडीला इथंही निओस्टिग्मीन आणि ॲट्रोपीन देतात, आणि मुलांचा डोसही थिएटरातल्या डोसच्या जवळपासचाच. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी नाग आणि मण्यारीच्या अशा रुग्णांवर उपचार करून ते अनुभव २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले.

मण्यारीपुढं मात्र हा उतारा चालत नाही. तिचं विष फटीच्या अलीकडं, चेतेच्या टोकावरच घाव घालतं, आणि ज्या टोकात ॲसिटिलकोलीनच उरलं नाही तिथं एन्झाइम बांधून काय मिळणार? मग व्हेंटिलेटर, नाहीतर नातेवाइकांनी आळीपाळीनं दाबलेली पिशवी, दिवसच्या दिवस, वॉटरटनच्या भात्यासारखी. तोवर चेतेला नवी टोकं फुटतात. आणि चेतेचा निरोप असा दीर्घकाळ बंद पडला की स्नायू पुन्हा ते गॅमा घटकाचे, गर्भातल्या बाळाचे ग्राही बनवू लागतो, तेही नुसत्या फटीपाशी नव्हे, सगळ्या अंगभर. लकवा, मोठं भाजणं, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळणं, यांतही असंच होतं. अशा रुग्णाला पुढं भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ स्कोलीन हे झटपट काम करणारं औषध हाती घेत नाही, कारण ते या नव्या ग्राहींना एकदम उघडतं आणि स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उसळून हृदय बंद पडू शकतं. तो रोक्युरोनियमची कुपी उचलतो.